सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

फोन, लॅपटॉप आणि गूगल ड्राइव्हवर सगळं सिंक होतंय, म्हणजे सगळीकडे आपोआप सारखंच राहतंय, म्हणून निर्धास्त राहू नका. फोनवर फोल्डर उडवलंत की ते लॅपटॉपवरूनही जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस सापडेल, मग कायमचं गेलं. म्हणून एक वेगळी प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हवीच. आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि डिस्क लगेच काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) तिच्यावरच्या फायलीही लॉक करू शकतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एकाच फोल्डरवर दोन सिंक ॲप लावणं. डुप्लिकेट फायलींचा नुसता पसारा होतो.
- बॅकअप कधी उघडूनच न बघणं. अधूनमधून दोन-चार फोटो डिस्कवरून परत आणून बघा.
- टू-स्टेप लॉगिनचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसेल तेव्हा खात्यात शिरायला लागणारे) फोनमध्येच ठेवणं. कागदावर उतरवा.

एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज) वगैरे सध्या राहू द्या.