अ‍ॅडमिटची वाट बघताय? तोवर घराचे कागद काढा: पब्लिक पॉलिसी प्रवेशाची प्रश्नोत्तरे

गड्ड्याची यात्रा उठली की माझा फोन वाजायला लागतो तो एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत अर्ज गेलेले असतात, अमेरिकेतले बरेचसे निकाल मार्चमध्ये येतात, आणि मधले आठ-दहा आठवडे मुलं कासावीस, आईवडील त्यांच्यापेक्षा जास्त. सरकारचा पैसा कुठे जातो, योजना कुठे अडते, कायदा कागदावरून गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं हे, म्हणजेच पब्लिक पॉलिसी, शिकायला सोलापूरची मुलं बाहेर जायला लागलीत याचा मला खरंच आनंद आहे. पण प्रश्न तेच तेच येतायत, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

पोर्टलवर जानेवारीपासून 'अंडर रिव्ह्यू' दिसतंय. याचा अर्थ काय? (जुळे सोलापूर)

अर्ज पोचलाय आणि निर्णय झालेला नाही, एवढाच. चेकलिस्टमध्ये एखादं रेकमेंडेशन किंवा मार्कशीट 'मिसिंग' दिसत असेल तर मात्र आजच मेल टाका.

टेलिग्राम ग्रुपवर आलंय की माझ्या स्कूलचे सगळे अ‍ॅडमिट काल रात्री गेले. मला काहीच आलं नाही. म्हणजे रिजेक्ट समजू का? (बार्शी)

नाही. 'सगळे गेले' हे त्या ग्रुपवाल्याला कुणी सांगितलं? त्याला स्वतःला आलं, त्याच्या दोन मित्रांना आलं, झालं, सगळे गेले. ज्याला मिळतं तो लिहितो, ज्याला नाही मिळत तो गप्प बसतो, त्यामुळे ग्रुप वाचून नेहमी असंच वाटतं की जगात आपणच राहिलो. एकाच स्कूलमध्ये एमपीपी (पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स) आणि एमपीए (पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं) वेगळे असतात, स्कॉलरशिपचं ठरल्याशिवाय काही पत्रं अडकून राहतात, काही ठिकाणी निकाल टप्प्याटप्प्याने सोडतात, आणि इंग्लंडमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी तर अर्ज येतील तसे बघत जातात त्यामुळे तिथे एक ठरलेली निकालाची तारीखच नसते. मेल येईपर्यंत रिजेक्ट नाही.

आणि रात्रीचं जागरण बंद करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्चच्या मध्यानंतर संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्यासमोर बसून फोन खाली खेचून खेचून मेल रिफ्रेश करत होती, दुपारी बारा वाजता, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. त्या वेळी कुठलं ऑफिस उघडं असणार? सकाळी उठून एकदा बघा, तेवढं पुरतं.

एका कन्सल्टन्सीने सांगितलं की विद्यापीठात त्यांची ओळख आहे, २५ हजार भरले तर फाइल लवकर पुढे सरकेल. भरावेत का? (होटगी रोड)

एक रुपयाही देऊ नका. फाइल 'सरकवणं' ही पद्धत तिथे नाही, आणि कुणी सरकवतो म्हणत असेल तर तो तुमच्या काळजीवर पैसे कमावतोय. निकाल येणारच असतो, अ‍ॅडमिट आलं तर 'बघा आम्ही केलं', नाही आलं तर 'कॉम्पिटिशन फार होती'. दोन्हीकडून त्याचेच २५ हजार. त्यांच्याकडे तुमच्या पोर्टलचा पासवर्ड असेल तर तो आज बदला आणि अर्जात स्वतःचाच ईमेल आहे ना ते तपासा. कन्सल्टन्सीचा ईमेल घातल्यामुळे निकाल आठ दिवस मुलाला कळलाच नाही असं मी पाहिलंय. आधीच पैसे दिले असतील तर पावती, मेसेज सगळं जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

एका विद्यापीठाचं अ‍ॅडमिट आलंय, थोडी स्कॉलरशिपपण आहे. बाकी तीन निकाल बाकी आहेत आणि एजंट म्हणतो सात दिवसांत डिपॉझिट भरा नाहीतर सीट जाईल. (विजापूर रोड)

तारीख एजंटच्या तोंडून नाही, अ‍ॅडमिशन लेटरमधून वाचायची. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीसकट दिलेल्या ऑफरला त्या तारखेच्या आधी होकार द्यायची सक्ती करायची नसते. कुणी सही केलीय ती यादी कौन्सिलच्या साइटवर आहे. सगळी विद्यापीठं त्यात नाहीत, आणि स्कॉलरशिप नसलेल्या नुसत्या प्रवेशाला हा नियम लागतोच असं धरून चालू नका. इंग्लंड, जर्मनी, सिंगापूर, तिथे ज्याचं पत्र त्याची तारीख.

मुदत खरंच जवळ असेल तर स्वतः अ‍ॅडमिशन ऑफिसला चार ओळींचा मेल लिहा की इतर निकाल बाकी आहेत, दोन आठवडे वाढवून मिळतील का. हे विचारल्याने कुणी सीट काढून घेत नाही. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही आणि एजंटला तुम्ही कुठल्या विद्यापीठात जाता यावर कमिशन असतं, हे दोन्ही लक्षात ठेवून मग ठरवा. भरायच्या आधी पत्र मला किंवा तिथे शिकून आलेल्या कुणाला तरी दाखवा.

आमची सांगोल्याला सहा एकर डाळिंब बाग आहे, सातबारा वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे लोनचा प्रश्न नाही. अ‍ॅडमिट आल्यावर बँकेत जाऊ असं वडील म्हणतात. बरोबर ना? (सांगोला)

नाही! याच एका उत्तरासाठी मला हा कॉलम लिहायचा होता, तेव्हा जरा शांतपणे वाचा आणि वडिलांना वाचून दाखवा.

परदेशी शिक्षणाच्या लोनला बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. जमीन चांगली नाही म्हणून नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळतो आणि त्याच कायद्याने शेतजमीन त्यातून वगळलीय. शेतकऱ्याचं रान सहजासहजी जाऊ नये म्हणून ते आहे आणि ते योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की तुमचा सहा एकरांचा सातबारा मॅनेजर बघेल आणि विचारेल, घर कुठंय? एनए (बिगरशेती) प्लॉट आहे का? फ्लॅट? साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतंच. काही बँका नावाजलेल्या विद्यापीठांना विनातारण कर्ज देतात, पण त्यांच्या ठरलेल्या याद्या असतात, तुमचं विद्यापीठ यादीत आहे का ते आत्ताच शाखेत जाऊन विचारा.

मग घराचे कागद. इथे आपल्याकडचं खरं दुखणं आहे. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारस नोंद झालेली नाही. प्लॉट गुंठेवारीतला, नियमित केलेला नाही. गावठाणातलं घर, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. बँकेचा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो, व्हॅल्युअर येऊन घर मोजतो, सहअर्जदाराचे दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न लागतात. यातली एक गोष्ट अडली तरी महिना जातो.

तीन वर्षांपूर्वी पूर्व भागातला एक मुलगा होता. वडिलांचे टेरी टॉवेलचे चार लूम, घर आजोबांनी बांधलेलं. मार्चमध्ये अ‍ॅडमिट आलं, चांगल्या स्कूलचं, घरात पेढे वाटले. बँकेत गेले तेव्हा कळलं की प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबाच आहेत, म्हणजे वडील, काका आणि दोन आत्या असे सगळे वारस. एक आत्या कलबुर्गीला, एक हैदराबादला. हैदराबादच्या आत्याच्या मुलीचं बाळंतपण झालेलं, तिच्याकडे आत्याचं जाणं-येणं चालू होतं, त्यांना सोलापूरला यायला मे उजाडला. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवलं, मग सिटी सर्व्हेला फेरफार, नोटीस, हरकतीची मुदत. नवीन कार्ड हातात आलं तोपर्यंत जुलै संपत आला होता. अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढे ढकलून मिळालं पण स्कॉलरशिप ढकलून मिळाली नाही. तो मुलगा ती प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला होता आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं जानेवारीत पण करता आलं असतं ना?" आलं असतं. फेब्रुवारीतही आलं असतं. मी त्याला वेळेवर विचारलं नव्हतं याची बोच मला अजून आहे, म्हणून आता प्रत्येकाला पहिल्या भेटीतच विचारते.

आणि एक. आत्यांचा त्या घरात कायद्याने हक्क आहे. सही करायला लावू नका, समजावून सांगा, त्यांना त्यांचा वाटा हवा असेल तर तो द्यायची तयारी ठेवा किंवा त्यांनाही कर्जाच्या कागदांवर घ्या, बँक मार्ग सांगते. घाईत घेतलेली सही पुढे घरं तोडते.

हिशोबही आत्ताच मांडा. ४० लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता साधारण ५३ हजार येतो, आणि तेही शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळवलेलं नाही. पॉलिसीतली नोकरी म्हणजे सॉफ्टवेअरचा पगार नव्हे. राहतं घर तारण ठेवताना हा आकडा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा, आईनेसुद्धा, आणि सही करायच्या आधी एकदा सीएकडे जाऊन या.

मी विमुक्त जमातीतून आहे, सेटलमेंट वस्तीत राहते. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती मला मिळू शकते का? ऑफर लेटर 'कंडिशनल' आलंय. (सोलापूर)

अर्ज नक्की करा. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा असतात, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्या जमातींना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत लागतं. पण ऑफर 'अनकंडिशनल' लागते, म्हणजे कुठलीही अट बाकी नसलेली. शेवटच्या वर्षाचा निकाल बाकी म्हणून कंडिशन आहे की फी डिपॉझिटची कंडिशन आहे ते पत्रात बघा, आणि विद्यापीठाला स्पष्ट लिहा की सरकारी शिष्यवृत्तीसाठी अनकंडिशनल पत्र हवंय. विचारल्यावर बरीच विद्यापीठं मदत करतात.

२०२२ पासून या योजनेत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय वगळलेत. पॉलिसीच्या विद्यार्थ्याला हे थेट लागू शकतं. ज्या मुलीला आपल्याच वस्तीचा प्रश्न शिकायचाय तिला ही अट का, हे मला आजही पटलेलं नाही. पण अट आहे तोवर त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा. राज्याची शिष्यवृत्ती वेगळी, तिच्या अटी वेगळ्या. दोन्हींसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ताजा हवा, ते काम या आठवड्यात लावा आणि समाज कल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, कुणाच्या मेसेजवर विसंबू नका.

वेटलिस्टला टाकलंय. रोज मेल करू का? (अक्कलकोट)

रोज नको. एकदा लिहा: अजून इच्छा आहे, आणि अर्जानंतर काही नवीन घडलं असेल, निकाल, नोकरी, प्रोजेक्ट, तर ते. पंधरा ओळींच्या आत. पोर्टलवर वेटलिस्ट स्वीकारायचं बटण असेल तर ते दाबायला विसरू नका. आणि हातात दुसरी ऑफर असेल तर तिची तारीख या आशेवर चुकवू नका.

नाहीच मिळालं तर यूपीएससी करावी असं बाबा म्हणतात. पॉलिसी भारतात शिकता येत नाही का? (पंढरपूर)

येतं की. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स आहे, त्यांची स्वतःची परीक्षा असते. टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जाता येतं, आणि ग्रामीण विकासाच्या अंगाने शिकायचं असेल तर टिसचा कॅम्पस तुळजापुरात आहे, आपल्यापासून तासाभरावर, आणि निम्म्या सोलापूरला तो माहीतच नाही. यांचे फॉर्म हिवाळ्यातच निघतात, परदेशाचा निकाल बघून मग भरू म्हटलं तर वेळ गेलेली असते. यूपीएससी करायची तर तिच्यासाठी म्हणून करा, अ‍ॅडमिट नाही आलं म्हणून नको. बाबांना घेऊन एकदा भेटा, तिघं बोलू.

माझी मुलगी दोन आठवडे नीट झोपलेली नाही, जेवत नाही, दोन रिजेक्शन आल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही. निकाल लागले की ठीक होईल ना? (एक आई, सोलापूर)

ताई, निकालाची वाट बघू नका. दोन आठवडे झोप आणि जेवण गेलंय म्हणजे डॉक्टरांना दाखवायची वेळ झालीय, आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, कधीही लागतो, मराठीतही बोलता येतं. आज रात्री तिच्या खोलीत झोपा. विद्यापीठाचा विषय तुम्ही काढू नका, तिने काढला तर फक्त ऐका. जीव नकोसा झालाय असं काही ती बोलली तर एक मिनिटही एकटी सोडू नका आणि थेट हॉस्पिटलला न्या. उरलेले निकाल आले तर पत्रं उघडायला मी आहे, मला फोन करा.