आजीचं सिंगर ठेवावं की नवीन झिगझॅग मशीन घ्यावं?

आजीचं सिंगरचं पायमशीन माळ्यावर पडून आहे, आणि ब्लाऊज, पिको, मुलांचे कपडे घरीच करायचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत ब्लाऊज शिवते, दोन्ही प्रकारची मशिनं वापरते. पैसे काढायच्या आधी आजीच्या मशीनची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बघा.

सुईजवळची सरकती पट्टी उघडा. आत लांबट, होडीसारखं शटल (बॉबिन ज्यात बसते ते) आणि बारीक लांब बॉबिन निघाली, तर ते शोभेलाच ठेवा. त्याचे पार्ट मिळवता मिळवता जीव जाईल. पण सिंगर १५ या मॉडेलसारखी गोल बॉबिन असेल, तर विकायचं नाव काढू नका. आपल्याकडची उषा-मेरिटची साधी काळी मशिनंही त्याच धाटणीची, त्यामुळं बॉबिन, शटल कुठल्याही मशीनच्या दुकानात मिळतं.

चाक जड फिरतंय म्हणजे मशीन गेलं असं नाही. बहुतेक वेळा आत जुनं तेल चिकटून बसलेलं असतं. त्यात कुणीतरी खोबरेल सोडलेलं असलं की संपलंच, आपल्या थंडीत ते बाटलीतसुद्धा गोठतं! तेलाच्या प्रत्येक भोकात थोडं रॉकेल सोडा, दोरा न ओवता मशीन चालवा, काळं पाणी पुसून काढा, मग मशीनचंच तेल घाला. चामडी पट्टा सैल असला तर थोडा कापून परत जोडतात.

सरळ टीप मात्र त्याचीच. अस्तराचा ब्लाऊज, पायपिंग, जीन्सची जाड दुमड, सगळं ते निवांत ओढतं. हलकं प्लॅस्टिकचं नवीन मशीन अशा वेळी टेबलावर सरकायला लागतं.

पण पिकोला झिगझॅग, म्हणजे डावी-उजवीकडे जाणारा नागमोडी टाका, लागतोच, तिथं आजीचं मशीन काय करणार? टी-शर्टचंही तेच. सरळ टाका कापड ताणलं की तटकन तुटतो. महिन्याला दोन साड्या असतील तर पिको बाहेरून करून घ्या, फॉल तर हातानंही लावता येतो. गिऱ्हाईकांचं काम धरणार असाल तर साधं झिगझॅग घ्या. शंभर डिझाईनवालं नको, त्यातली चार वापरली तरी खूप.

दुकानात जाताना स्वतःचं कापड न्या. खणाचा तुकडा, जीन्सची दुमड, टी-शर्टची कातरण. दुकानदार कडक सुती चिंधीवर टीप मारून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन छानच चालतं.