वाचकांचे प्रश्न : रहस्यकथाकारांच्या बैठका, संमेलनं आणि मेळावे

रहस्यकथा लिहिणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. बाकीच्या बऱ्याच पत्रांत हेच प्रश्न थोड्याफार फरकाने होते.

मी दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिते. इतर लेखकांना, संपादकांना भेटावंसं वाटतं. साहित्य संमेलनाला जाऊन काही उपयोग होईल का, की तिथे आमच्या प्रकाराला कोणी विचारत नाही? – एक लेखिका, गिरगाव

उपयोग होतो, पण मुख्य मांडवात बसून नव्हे, ग्रंथप्रदर्शनात फिरून. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२५ साली फेब्रुवारीत दिल्लीला झालं, २०२६ साली जानेवारीत साताऱ्याला. गाव दरवर्षी बदलतं, पण वर्षाची ही सुरुवात तुमच्या सोयीची आहे, कारण दिवाळी अंकांची जुळवाजुळव त्यानंतर उन्हाळ्यात सुरू होते. मराठीत रहस्यकथा जगवली ती मुख्यतः ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या अंकांनी. त्यामुळे परिसंवाद ऐकण्याइतकाच वेळ प्रकाशकांच्या गाळ्यांवर घालवा.

पहिला दिवस ग्रंथदिंडी आणि उद्घाटनाचा. तेव्हा गाळ्यावर बोलायला कोणालाच सवड नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाच्या वेळेआधी जा. पूर्ण हस्तलिखित देऊ नका, ते तिथल्या गर्दीत हरवतं. एक कागद द्या : कथेचं नाव, शब्दसंख्या, चार-पाच ओळींत प्रकरण, आणि उकल. हो, उकलसुद्धा. ‘खुनी कोण ते कथा वाचल्यावर कळेल’ असं संपादकाला लिहिणारे पुष्कळ असतात. पण कथा घ्यायची की नाही हे तो शेवटावरूनच ठरवतो.

मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला होणाऱ्या काळा घोडा महोत्सवात साहित्याचेही कार्यक्रम असतात. ते बरेचसे इंग्रजीत असले तरी ओळखी व्हायला बरे.

आम्ही सहा-सात जण रहस्यकथा लिहितो. महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचं वाचावं असं ठरतंय. अशी बैठक नेमकी कशी घ्यावी? मागे एकदा बसलो, तर सगळे ‘छान आहे’ म्हणून उठले. – एक वाचक, ठाणे

खरं सांगायचं तर कुठल्याही मोठ्या मेळाव्यापेक्षा तुमची ही बैठक जास्त मोलाची आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला खुनी पहिल्या ओळीपासून माहीत असतो, म्हणून स्वतःची कथा त्याला वाचकासारखी वाचताच येत नाही. खुनी माहीत नसलेले डोळे त्याला दुसऱ्यांकडूनच घ्यावे लागतात. शिवाय एका कथेसाठी एक माणूस एकदाच उपयोगी पडतो, उकल कळली की त्याचे डोळेही बाद. म्हणून सात जण असाल तर पहिल्या खर्ड्याला लेखक धरून पाचांना बसवा आणि दोघांना दुरुस्त खर्ड्यासाठी राखून ठेवा. हे दोघे कोण, ते प्रत्येक कथेला बदला.

एका बैठकीला एकच कथा. चार हजार शब्द मध्यम गतीने मोठ्याने वाचायला साधारण पस्तीस मिनिटं लागतात. शक्यतो लेखकाने स्वतः वाचू नये. महत्त्वाच्या ओळीवर त्याचा आवाज नकळत थांबतो आणि ऐकणारा सावध होतो. वाचन तीन ठिकाणी थांबवा : एक तृतीयांश झाल्यावर, दोन तृतीयांश झाल्यावर आणि उकलीच्या अगदी आधी. प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी न बोलता चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या : संशय कोणावर, कशावरून, आणि खात्री पाचपैकी किती. चिठ्ठ्या दुमडून एकाकडे जमा करायच्या. चहा तिसऱ्या चिठ्ठीनंतरच. आधी ठेवलात तर कुजबुज होते आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव येतं.

मग चर्चा. या वेळी लेखकाने फक्त लिहून घ्यायचं. ‘तसं नाही, मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य आलं की बैठक बिघडली, कारण छापलेल्या कथेसोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही. चर्चा संपल्यावर उकल वाचायची आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. यामुळे ‘मी तर पहिल्या पानावरच ओळखलं होतं’ म्हणणाऱ्याचाही प्रश्न मिटतो. ओळखलं असेल तर चिठ्ठीत असेलच.

चिठ्ठ्या कशा वाचायच्या, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पहिल्याच थांब्यावर बहुतेकांनी खरा खुनी लिहिला असेल, तर दोष बहुधा सुगाव्यात नसतो. त्या पात्राला कथेत दुसरं कामच नसतं. शेजारचे काका तीनदा येतात, काही करत नाहीत, म्हणजे खुनी तेच! त्यांना कथेत खरीखुरी गरज असलेलं एखादं काम द्या, मग संशय आपोआप पातळ होतो. तिसऱ्या थांब्यावरही कोणालाच सापडला नाही, तर लगेच खूश होऊ नका. उकल वाचल्यावर ऐकणारे ‘अरे हो, ते होतं की!’ म्हणाले तर कथा जमली. ते कागद मागे-पुढे चाळू लागले, तर सुगावा फार बारीक होता किंवा धावपळीच्या प्रसंगात दडपला गेला. अशा वेळी तीच गोष्ट दोन वेगळ्या निमित्तांनी आणा. दुसरा उल्लेख पहिल्यापासून दूर आणि शांत प्रसंगात हवा.

नाव बरोबर पण कारण चुकीचं, अशा चिठ्ठ्यांकडे सगळेच दुर्लक्ष करतात. त्यांचा अर्थ असा की तुमचा फसवा धागाही खऱ्या खुन्याकडेच बोट दाखवतोय. तो धागा दुसऱ्या संशयिताकडे वळवा. म्हणूनच ‘कशावरून’ हा रकाना कोणी कोरा ठेवू देऊ नका.

जागा दादरला बघा. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांचे लोक तिथे गाडी न बदलता पोचतात. नवी मुंबईकरांना कुर्ल्याला एकदाच बदलावी लागेल. रविवार मात्र टाळा. मेगाब्लॉकमध्ये दुपारच्या गाड्या विस्कळीत होतात आणि पहिला थांबा चुकलेला माणूस त्या कथेपुरता वाया जातो. शनिवारी चार ते सात ही वेळ चांगली. वाचनालयाची खोली हवी असेल तर ग्रंथपालांना भेटून लेखी विनंती द्या, नाहीतर कोणाचाही दिवाणखाना चालेल. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर व्हिडिओ कॉलवर बसा. तेव्हा चिठ्ठ्या ग्रुपवर न टाकता एकाच माणसाला खासगीत पाठवायच्या.

आमच्या लेखक मंडळाने एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना बोलावलं आहे. त्यांना काय विचारावं? – एक वाचक, कांदिवली

‘तुमची सर्वांत गाजलेली केस कोणती?’ हे विचारू नका. उत्तर रंगतदार मिळेल, पण तुमच्या कथेच्या कामाचं नसेल. क्रम विचारा : घटनास्थळी आधी कोण पोचतं, पंचनाम्यावर सह्या कोणाच्या, संशयास्पद मृत्यूची आधी अपघाती मृत्यू म्हणून नोंद होते तेव्हा तिचा गुन्हा कधी आणि कशावरून होतो, व्हिसेरा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव) कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की तपास अधिकारी मधल्या काळात काय करतो.

जाण्यापूर्वी थोडी तयारी करा, म्हणजे त्यांचा वेळ प्राथमिक गोष्टींत जाणार नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा आता कलम १०३मध्ये आहे, ३०२ जुनं झालं. मात्र त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, तेव्हा कथेचं साल पक्कं करा. झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण आता कायद्यात आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग चालतो. शेवटच्या पानावर खुनी इन्स्पेक्टरपुढे सगळं ओकतो आणि प्रकरण मिटतं, अशा कथा आजही येतात. त्याऐवजी कबुलीतून एखादी वस्तू सापडू द्या, शेवट जास्त भक्कम होईल.

मुंबईच्या दोन खास गोष्टी. रुळांवर प्रेत सापडलं तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं, रेल्वे सुरक्षा दलाकडे नाही. आणि जुन्या मुंबईतली कथा असेल तर कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, विसरू नका, ते पद इथे १९९९पर्यंत होतं.

बैठकीत कल्पना सांगितली आणि कोणी चोरली तर? – एक नवोदित, डोंबिवली

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे स्पष्ट केलं आहे. म्हणून चहाच्या गप्पांत कथानक सांगत बसू नका, लिहिलेली कथा घेऊन बैठकीला या आणि खर्डा तारखेसह बैठकीला बसलेल्यांना ईमेल करा. उकलीची पानं तेवढी नंतर.

खरी काळजी प्रकाशनाच्या वेळी घ्या. हक्क देणं सहीनिशी लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. दिवाळी अंकाला ‘फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क’ एवढंच लिहून द्या.

परदेशातल्या रहस्यकथा मेळाव्यांना मराठी लेखकाने जाण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, विलेपार्ले

आधी जवळचं बघा. डेहराडूनला २०२४ साली गुन्हेसाहित्याचा महोत्सव झाला. लेखक आणि माजी पोलीस अधिकारी तिथे एकाच मंचावर होते. खर्चाच्या मानाने पहिल्या प्रवासाला असा महोत्सव बरा.

परदेशात जायचं तर कशासाठी, ते आधी ठरवा. बाउचरकॉन हा १९७० साली अमेरिकेत सुरू झालेला मुख्यतः वाचकांचा मेळावा आहे. तिथली अँथनी पारितोषिकं हजर असलेलेच मतदानाने ठरवतात. लेखक तिथे वाचकांत मिसळतात, गप्पा बारमध्ये आणि कॉरिडॉरमध्ये होतात. तो दरवर्षी वेगळ्या शहरात, कधी वेगळ्या देशातही भरतो (२०१७ साली टोरंटोला होता), म्हणून व्हिसा कुठला लागेल ते दरवेळी बघा. रक्तपात नसलेल्या, कौटुंबिक वळणाच्या रहस्यकथा लिहीत असाल तर वॉशिंग्टनजवळ भरणारं मॅलिस डोमेस्टिक हे संमेलन तुमच्या प्रकृतीचं. इंग्लंडात हॅरोगेटचा गुन्हेसाहित्य महोत्सव जुलैमध्ये ओल्ड स्वान हॉटेलात होतो. १९२६ साली बेपत्ता झालेल्या अगाथा ख्रिस्ती याच हॉटेलात सापडल्या होत्या. लेखकाचं पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणाऱ्या एजंटला भेटायचं असेल तर न्यूयॉर्कच्या थ्रिलरफेस्ट या थरारकथांच्या मेळाव्यात त्यासाठी वेगळं सत्र असतं. तिथे मराठी पुस्तक दाखवून काही होत नाही. पहिल्या तीन प्रकरणांचा चांगला इंग्रजी अनुवाद आणि एका परिच्छेदात मावणारा सारांश लागतो, तो अर्ध्या मिनिटात तोंडी सांगता आला पाहिजे.

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे हॅरोगेटसाठी एप्रिलपासून. अमेरिकेसाठी बी-१/बी-२ व्हिसा चालतो, पण बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. नोंदणी मात्र आधी करावी लागते, कारण व्यासपीठावर बसवायचे लेखक नोंदणी केलेल्यांतूनच निवडले जातात. पैसे भरण्यापूर्वी, व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळेल का, हे आयोजकांना ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.