आवडत्या अभिनेत्याने एखाद्या पक्षाला पाठिंबा दिला, तर त्याचे चाहते खरंच तिकडे मत देतात का?

देतात. पण बहुतेकदा तेच देतात, जे तसेही तिकडेच देणार होते.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लाखो लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो एक वाक्य बोलला तर निवडणूक फिरायला हवी, मग फिरत का नाही? असा पाठिंबा दिल्यावर चाहते चिडतात का, हेही विचारलंय. पहिल्याचं उत्तर मला एका फिटरने वीसेक वर्षांपूर्वी दिलं होतं. तेच सांगतो.

२००३ ते २००९ मी चेन्नईत होतो, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला. आमच्या पाळीत एक फिटर होते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, गाव दिंडिवनमच्या बाजूचं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे तेवढा एक शब्द मला पहिल्या दिवसापासून येत होता. अण्णा रजनीकांतचे भक्त. लॉकरच्या दाराला आतून मुरुगनचा फोटो आणि शेजारी त्याच मापाचा रजनीचा. गावच्या रसिगर मंड्रमचे, म्हणजे चाहत्यांच्या मंडळाचे, ते खजिनदार. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गायकवाड?" कारण रजनीकांत जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला, मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार असं सांगतात. माझं आडनाव वेगळं निघालं तेव्हा अण्णा जरा हिरमुसले. तरीही थलैवरच्या (म्हणजे नेत्याच्या, तिकडे रजनीला हेच म्हणतात) भाषेचा माणूस म्हणून कँटीनमध्ये माझ्या वाटीत रसम जास्त पडायला लागलं.

आता २००४ची लोकसभा. त्याआधी २००२ मध्ये रजनीचा 'बाबा' आला होता. पडद्यावर सिगरेट ओढतो म्हणून पीएमके या पक्षाचे संस्थापक डॉ. रामदास त्याच्यावर तुटून पडले. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खेळ बंद पाडले, रिळं पळवली. सिनेमाही पडला आणि रजनीने वितरकांचं नुकसान स्वतःच्या खिशातून भरून दिलं. चाहत्यांच्या मनात ते सलत होतंच. २००४ला रजनीने जाहीर सांगितलं की पीएमके ज्या सहा जागा लढवतेय, तिथे तिला पाडा. नद्याजोडणीचं आश्वासन दिलंय म्हणून आपण स्वतः भाजपच्या बाजूने, हेही सांगितलं. इतका थेट आदेश चाहत्यांना फार क्वचित मिळतो: अमुक पक्ष, अमुक सहा जागा, पाडा.

अण्णांनी रजा टाकली. मे महिन्यातलं तिकडचं ऊन ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. मंडळाच्या पैशांतून पेट्रोल घालून पाच-सहा मोटरसायकली गावोगाव फिरल्या, पत्रकं वाटली. १० मेला मतदान झालं, १३ला निकाल. पीएमके सहापैकी सहा जागा जिंकली, दिंडिवनमसकट. भाजप आणि जयललितांच्या अण्णाद्रमुकच्या आघाडीला तमिळनाडूत एक जागा मिळाली नाही.

अण्णा कामावर आले तेव्हा नाक सोललेलं होतं आणि बोटावरची शाई अजून गेली नव्हती. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सहानुभूती दाखवली, "एवढं फिरलात, तरी पडले नाहीत."

अण्णा पंपाचं कपलिंग उघडत होते. पाना न थांबवता म्हणाले, "मांपळम्."

मांपळम् म्हणजे आंबा. आंबा ही पीएमकेची निशाणी. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. नाही, मत आंब्यालाच दिलं होतं. त्यांनी, वडिलांनी, भावाने, भावजयीने, सगळ्या घराने. चार दिवस ज्या पक्षाविरुद्ध पत्रकं वाटली, पाचव्या दिवशी त्यालाच मत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खुलासा केला. ते वन्नियर जातीचे. १९८७च्या सप्टेंबरमध्ये वन्नियरांनी आरक्षणासाठी आठवडाभर रस्ते अडवले होते, झाडं तोडून आडवी टाकली होती. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. तिकडे आजही एकवीस हुतात्मे म्हणून त्यांची आठवण काढतात. ते आंदोलन रामदासांचं. १९८९ला करुणानिधींच्या द्रमुक सरकारने अतिमागास वर्गासाठी २० टक्के वेगळे काढले आणि त्यात अण्णांचा धाकटा भाऊ सरकारी नोकरीला लागला. अण्णांनी सगळं सांगून झाल्यावर ताक ओतून घेतलं आणि म्हणाले, "थलैवर सांगतील तिथे मी फिरणार. मत घरचं असतं."

एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. पुढच्या वर्षी 'चंद्रमुखी' लागला तेव्हा हेच अण्णा पहाटे चार वाजता थिएटरसमोर शिडीवर चढले होते. आविनच्या दुधाच्या पिशवीचा कोपरा दाताने तोडायचा आणि कटआउटच्या डोक्यावर ओतायची. खाली उभ्या माझ्या चपला दुधाने चिकट झाल्या. रामदासांना मत दिल्याने त्या दुधात थेंबभर पाणी पडलं नव्हतं.

यावर कुणीतरी १९९६च्या विधानसभेचं उदाहरण देणार हे मला माहीत आहे. तिकडेही सगळे देतात. त्या वर्षी रजनी म्हणाला होता की जयललिता पुन्हा निवडून आल्या तर तमिळनाडूला देवसुद्धा वाचवू शकणार नाही. द्रमुक आणि काँग्रेसमधून फुटलेल्या मूपनारांच्या तमिळ मानिल काँग्रेसच्या आघाडीला त्याने पाठिंबा दिला. मूपनारांच्या पक्षाची निशाणी होती सायकल आणि रजनीची 'अण्णामलै'मधली सायकलवाल्या दूधवाल्याची छबी लोकांच्या डोक्यात ताजी होती. असा योग पैसे देऊन जुळत नाही. अण्णाद्रमुक २३४ पैकी ४ जागांवर आली, खुद्द जयललिता बरगूरमधून हरल्या. रजनीच्या एका वाक्याने सरकार पडलं, ही दंतकथा तेव्हापासून चालू आहे.

पण त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १९९५ मध्ये, जयललितांच्या मानसपुत्राचं ते डोळे दिपवणारं लग्न झालं होतं. भ्रष्टाचाराचे आरोप रोजच्या पेपरात होते. काँग्रेस तमिळनाडूत उभी फुटली होती. लोक चिडलेले होतेच, रजनी ते मोठ्याने बोलला. याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. १९९८च्या लोकसभेला त्याने पुन्हा याच आघाडीला पाठिंबा दिला आणि ३९ पैकी ३० जागा जयललितांच्या आघाडीने नेल्या. माणूस तोच, चाहते तेच. ते १९९८ मात्र दंतकथेत कुणी घेत नाही.

उमेदवार म्हणून स्वतः उभं राहणं हा वेगळा विषय आहे, त्यात फार शिरत नाही. तमिळ नट शिवाजी गणेशन (हे 'शिवाजी' त्यांना अण्णादुराईंच्या नाटकात महाराजांची भूमिका केल्यावर चिकटलं) स्वतःचा पक्ष काढून १९८९ला तंजावरशेजारच्या तिरुवैयारूत उभे राहिले आणि हरले. आंध्रात तेलुगू नट चिरंजीवीच्या सभांची गर्दी कॅमेऱ्यात मावत नव्हती, २००९ला विधानसभेत जागा आल्या २९४ पैकी १८. तमिळ नट एमजीआर जिंकले, मुख्यमंत्री झाले, पण स्वतःचा पक्ष काढण्याआधी त्यांनी जवळजवळ वीस वर्षं द्रमुकमध्ये काढली होती आणि त्यांची मंडळं गावोगाव पक्षाच्या शाखेसारखीच चालत होती.

प्रश्नाचा दुसरा भाग: चाहते चिडतात का? चिडतात, आणि ते बघायला आपल्याला चेन्नईला जायची गरज नाही. फेब्रुवारी २०२१ आठवा. शेतकरी आंदोलनावर पॉप गायिका रिहानाने ट्वीट केलं, दुसऱ्या दिवशी सचिनने बाहेरच्यांनी आमच्या देशात लक्ष घालू नये अशा अर्थाचं ट्वीट केलं. कोचीत युवक काँग्रेसवाल्यांनी त्याच्या कटआउटवर काळं ऑइल ओतलं. (दूध काय, ऑइल काय, ओतायला कटआउट लागतोच.) केरळचेच काही लोक टेनिसपटू मारिया शारापोव्हाच्या पानावर जाऊन माफी मागून आले, कारण २०१४ मध्ये ती सचिनला ओळखत नाही म्हणाली तेव्हा त्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या. शरद पवारांनी सचिनला दुसऱ्या क्षेत्राबद्दल जपून बोलायचा सल्ला दिला.

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा दोन मावसभाऊ जुंपले. थोरल्याचं म्हणणं, रिहाना कलाकार आहे, तिला मत नसावं का. सचिनने मात्र क्रिकेटबद्दल बोलावं. धाकट्याचं नेमकं उलट. मी जुने मेसेज उकरून काढायचा उद्योग केला नाही, पण २०१३ चांगलं आठवतंय. नोव्हेंबरमध्ये पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या कार्यक्रमात लतादीदींनी मोदी पंतप्रधान व्हावेत अशी इच्छा बोलून दाखवली होती आणि मुंबई काँग्रेसच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी त्यांच्या भारतरत्नाचा विषय काढला होता. तेव्हा दिवाळीच्या फराळावर हेच दोघे. धाकटा म्हणत होता, "कलाकाराला मत नसतं का?" थोरला म्हणत होता, "त्यांनी गावं." सात वर्षांत दोघांनी वाक्यांची अदलाबदल केली होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. माझ्या मते "कलाकाराने राजकारणात पडू नये" हे तत्त्व म्हणून मानणारा माणूस फार दुर्मिळ. आपल्याला न पटणाऱ्या बाजूला कलाकार गेला की ते तोंडात येतं. आणि गंमत म्हणजे थोरला अजूनही गाडीत लतादीदींचीच गाणी लावतो.

अमेरिकेतही चित्र फार निराळं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये गायिका टेलर स्विफ्टने अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिसना पाठिंबा दिला, तिच्या पोस्टमधल्या दुव्यावरून चोवीस तासांत चार लाखांवर लोक मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर गेले. हॅरिस हरल्या. स्विफ्टने २०१८ मध्ये टेनेसीत ज्यांची बाजू घेतली होती, ते सिनेटचे उमेदवारही हरले होते. तिच्या शब्दावर लोक संकेतस्थळापर्यंत जातात एवढं नक्की.

पण चाहते सगळ्यात जास्त कधी चिडतात, ते मला फार उशिरा कळलं. ३१ डिसेंबर २०१७ला रजनीने राजकारणात येतो, सगळ्या २३४ जागा लढवतो असं जाहीर केलं. मग तीन वर्षं नुसती वाट. डिसेंबर २०२०च्या सुरुवातीला म्हणाला, जानेवारीत पक्ष काढतो. नाताळात रक्तदाबाने हैदराबादला इस्पितळात गेला आणि २९ डिसेंबरला सांगितलं, प्रकृतीमुळे जमणार नाही. त्यावर १० जानेवारी २०२१ला चेन्नईच्या वळ्ळुवर कोट्टमला चाहते जमले, आंदोलन केलं, "वा थलैवा", ये नेत्या, म्हणून घोषणा दिल्या. रजनीला दुसऱ्या दिवशी पत्रक काढून विनवावं लागलं की मला आणखी दुःख देऊ नका. मूत्रपिंड बदललेल्या सत्तरीच्या माणसाला, करोनाच्या दिवसांत, लोक रस्त्यावर या म्हणत होते. मला ते क्रूर वाटलं.

मी अण्णांना फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी आहेत. माझ्या "क्रूर" शब्दावर जरा वेळ गप्प राहिले. मग हिशेब सांगायला लागले, खजिनदारच ते. दर १२ डिसेंबरला, रजनीच्या वाढदिवसाला, रक्तदान आणि अन्नदान. दर सिनेमाला बॅनर, कटआउट, तोरणं. मंडळाच्या अध्यक्षाने बायकोचे दागिने दोनदा गहाण टाकलेले. पंचवीस वर्षं. थलैवर पक्ष काढतील, मग अध्यक्षाला आमदारकीचं तिकीट, अण्णांना निदान वॉर्ड मेंबरचं. एमजीआरच्या मंडळातले लोक असेच तर वर गेले होते. "आम्ही दूध ओतलं ते काय फुकट?" असं हसत म्हणाले, पण पूर्ण हसत नव्हते. दुसऱ्या कुणाला मत द्या असं थलैवरने सांगितलं तेव्हा अण्णांनी मनावर घेतलं नव्हतं. स्वतःसाठी मागितलंच नाही, ते मात्र लागलं.

त्यांचा मुलगा विजय या तमिळ नटाचा चाहता आहे. बापलेकांचं त्यावरून घरात रोज वाजतं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये विळुप्पुरमसह नऊ जिल्ह्यांत ग्रामीण स्थानिक निवडणुका झाल्या, त्यात विजयच्या मंडळाच्या पोरांनी १६९ जागा लढवून ११५ जिंकल्याचं त्या मंडळाने सांगितलं. विजयने प्रचार केला नव्हता, फक्त नाव आणि फोटो वापरायची मुभा दिली होती. अण्णांच्या वॉर्डातही एक पोरगा उभा होता.

"मग अण्णा, विजयच्या माणसाला मत?"

"दिलं की."

"रजनीचे असून?"

"अरे, तो पोरगा आमच्या गल्लीतला. पंपाची मोटर जळली की रात्री दोनलासुद्धा येतो."