वेगवेगळ्या कंपन्यांचे आरजीबी फॅन एकत्र सिंक होतात का?

नवीन सेट घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन एका कंपनीचे आहेत, तीन दुसऱ्या कंपनीचे, आणि दुकानदार म्हणतोय की सिंक करायचं, म्हणजे सगळे दिवे एकाच रंगात चालवायचे, तर सहाही एकाच कंपनीचे हवेत. दिव्यांची वायर नेहमीची तीन पिनांची, ५ व्होल्टची असेल, तर हे साफ खोटं आहे. हेच वाक्य मला मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात ऐकवलं गेलंय, त्यामुळे राहवलं नाही.

मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते. मशीनमधला एकेक पार्ट मी निवडला होता, पैसे माझे होते, भाऊ फक्त सामान उचलायला सोबत आला होता. दुकानातला माणूस मात्र अख्खा वेळ त्याच्याशीच बोलत होता. पुढचे तीन फॅन एका कंपनीचे होते, वरचे आणि मागचा दुसऱ्या कंपनीचे. जोडणी त्यांनीच केली. चालू केल्यावर पुढच्या तिन्ही फॅनचे दिवे क्षणभर लखलखले आणि गेले. ‘ड्रायव्हर टाकले की लागतील,’ असं भावाला सांगून कॅबिनेट पॅक करून दिलं.

घरी ड्रायव्हर टाकले, काही लागलं नाही. बाजूची काच काढली तर दिव्यांचा स्प्लिटर (एकीच्या अनेक वायरी करणारा जोड) मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवर, म्हणजे वायर लावायच्या पिनांवर, बसवलेला. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते, मल्टिमीटर कसा धरायचा हे मी शाळेत असतानाच शिकले. हेडरच्या पहिल्या पिनेवर १२ व्होल्ट दाखवत होते. फॅन मात्र व्यवस्थित फिरत होते, कारण मोटरची वायर वेगळी असते. म्हणजे मेले होते ते फक्त दिवे.

चार पिनांच्या जुन्या आरजीबी हेडरवर पहिल्या पिनेला कायम १२ व्होल्ट असतात आणि उरलेल्या तीन पिना हिरवा, लाल, निळा अशा. एआरजीबी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो तो नवा प्रकार) हेडर दिसायला तसाच, पण मधली एक पिन नसते. तिथे ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड एवढंच. चांगल्या वायरीत तिसरं भोक बुजवलेलं असतं, म्हणून चुकीच्या हेडरवर ती बसतच नाही. त्या स्वस्त स्प्लिटरचं भोक उघडं होतं. पाच व्होल्टच्या एलईडीला बारा व्होल्ट मिळाल्यावर वेगळं काय होणार?

मशीन परत नेलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही घरी वायर हलवली असेल. आणि ब्रँड मिक्स केले की असं होतंच.’ वॉरंटी नाकारली. मी त्याच मॉडेलचे फॅन दुसरीकडून घेतले, ५ व्होल्टच्या हेडरवर लावले, आणि दोन्ही कंपन्यांचे फॅन आजही एका रंगात चालतात. ब्रँडचा काही संबंध नव्हता. जोडणाऱ्याने पिना मोजल्या नव्हत्या.

तेव्हा तुम्ही पिना मोजा, हेडरवर छापलेल्या नावावर जाऊ नका. नावातलं एक अक्षर वगळलं, एआरजीबीचं आरजीबी झालं, की तो १२ व्होल्टचा हेडर होतो. वायर मशीन बंद करून, प्लग काढूनच लावा.

सहा फॅन एकाच हेडरवर स्प्लिटरने लावणार असाल तर थांबा. हेडरची मर्यादा बहुतेक बोर्डांवर ३ अँपिअर असते. एक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात साधारण ६० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो, म्हणजे पन्नासेक एलईडीतच हिशेब संपला. एका फॅनमध्ये बारा धरले तरी सहा फॅनचे बहात्तर होतात. एसएमपीएसवरून (मशीनच्या पॉवर सप्लायवरून) साटा वायरने पॉवर घेणारा हब, म्हणजे अनेक फॅन एकत्र जोडायचं उपकरण, घ्या. त्याची फक्त डेटा वायर मदरबोर्डला जाते, करंट बोर्डातून जात नाही. हब महाग नसतो, बोर्ड असतो.

सॉफ्टवेअर बोर्डाच्या कंपनीचं चालतं, फॅनच्या कंपनीचं लागत नाही. आसूसचं ऑरा, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन. फॅन कोणाचेही असोत, सॉफ्टवेअरला फक्त हेडर दिसतो, त्यावर कोणाचा फॅन आहे हे त्याला कळतही नाही. सगळीच जड आणि कटकटीची आहेत. मी त्यांच्याऐवजी ओपनआरजीबी वापरते, ते फुकट आहे. मात्र दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू ठेवू नका, दोघं एकमेकांचा रंग पुसत राहतात.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. स्प्लिटरने किंवा साध्या हबने सगळ्या फॅनना एकच सिग्नल जातो, म्हणून स्थिर रंग किंवा हळूहळू मंद-तेज होणारा प्रकाश बिनचूक जुळतो. पण एका कंपनीच्या फॅनमध्ये आठ एलईडी आणि दुसऱ्याच्यात सोळा असतील, तर फिरणारं इंद्रधनुष्य जुळणार नाही. पांढऱ्या रंगातही एकाची छटा निळसर येऊ शकते. आणि तुमच्या फॅनची वायर सहा पिनांची असेल, सोबत रिमोट आणि त्यांचाच हब आला असेल, तर वरचं काहीच थेट लागू नाही: तो हब बोर्डाला जोडायची तीन पिनांची वायर डब्यात आहे का ते बघा. असली तर तीच लावा. नसली तर ते तीन फॅन रिमोटवरच चालतील, आणि बदलायचेच झाले तर तेवढे तीनच बदला, सहा नाही.