९ डीबीचा अँटेना नको, पैसे केबलवर घाला

तुम्ही लिहून पाठवलेलं वर्णन असं: घर बडोद्यात, मेहुण्याबरोबर भागीदारीत घेतलेली २४ फुटी फायबर बोट कोकणात हर्णैला. वर अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा टी-टॉप, म्हणजे छप्पर. व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ), एआयएस (आजूबाजूच्या बोटी दाखवणारं यंत्र) आणि जीपीएस, तिन्ही अँटेना एकाच दांड्यावर लावायचे, आणि व्हीएचएफचा ९ डीबीवाला घ्यायचा कारण 'डीबी जास्त तेवढी रेंज जास्त'. दांडा आणि ९ डीबी, दोन्ही बेत सोडा.

कणकेचा गोळा तोच, लाटला की पोळी मोठी होते आणि पातळही. अँटेनाचा गेन, म्हणजे हे डीबी, तसाच आहे. रेडिओच्या २५ वॅटचे पन्नास होत नाहीत, तीच ऊर्जा आडवी पसरते. बोट डोलली की ९ डीबीचा हा पातळ पट्टा एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात जातो, समोरच्याला तुमचा आवाज तुटक ऐकू येतो. ९ डीबी मोठ्या, जड जहाजांना ठीक. तुम्हाला ६ डीबीचा, साधारण ८ फुटी फायबरचा, पुरे. हर्णैबाहेर भरपूर हेलकावे खात मासेमारी करणार असाल तर मी ३ डीबीचाच घेईन. फायबरच्या बोटीवर अर्ध्या तरंगाचा, म्हणजे ज्याला खाली धातूचा पत्रा लागत नाही असा प्रकार मागा.

रेंज ठरते ती उंचीवर. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. अँटेना अडीच मीटरवर असेल तर साडेसहा, चार मीटरवर सव्वाआठ. समोरच्याचा आकडा यात मिळवायचा. तोही चार मीटरवर असेल तर दोघांत साडेसोळा किलोमीटर, मग कितीही डीबी आणा.

आता केबल, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. बडोद्याच्या रावपुऱ्यातून टीव्हीची केबल आणू नका. ती ७५ ओहमची, आपल्याला ५० ची लागते. पण त्याहून वाईट म्हणजे तिच्या आत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते, खारी हवा ती खाऊन टाकते. बारीक आरजी-५८ दहा मीटर टाकली तर २५ पैकी जेमतेम १६ वॅट वर पोचतात. जाड आरजी-२१३ ने वीस. केबल कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. जास्तीची वेटोळी करून कोंबू नका, कापा आणि टोकाला नवा पीएल-२५९ कनेक्टर डाखून लावा. काही अँटेनांच्या कागदात किमान लांबी दिलेली असते, तेवढी मात्र राखा. जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथून टपकतं.

एआयएसचा अँटेना व्हीएचएफपासून निदान एक मीटर दूर, शक्यतो वर-खाली. टीव्हीचा स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारा डबा) लावून एकाच अँटेनावर दोन्ही चालवायचा मोह होईल, पण तसं केलं की रेडिओ बोलताक्षणी त्याचे वॅट थेट एआयएसच्या पोटात जातात. एकच अँटेना ठेवायचा असेल तर त्यासाठी बनवलेला स्प्लिटर घ्या, स्वस्त नसतो.

जीपीएस उंच नेऊन काही मिळत नाही. त्याला आकाश हवं, उंची नको. दांड्याच्या टोकावर तो बोटीबरोबर झुलतो आणि उभ्या बोटीचा वेगही एक-दोन नॉट दाखवतो. कन्सोलवर, म्हणजे सुकाणूच्या चौथऱ्यावर, किंवा छपराच्या कडेला सपाट बसवा. पुढेमागे रडार घेतलात तर त्याच्या झोताच्या वाटेत येणार नाही अशी जागा आत्ताच ठेवा.

व्हीएचएफचा ८ फुटी अँटेना नुसत्या खालच्या बिजागरीवर सोडू नका, लाटेवर आपटताना मुळाशी तुटतो. एक तृतीयांश उंचीवर दुसरा आधार, बोल्ट ३१६ स्टीलचे, फायबरच्या आतून पट्टी आणि सीलंट.

रेडिओचा परवाना आणि एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, वेळेत काढा. भारताचा ४१९ ने सुरू होतो. तो रेडिओत भरल्याशिवाय संकटात दाबायच्या लाल बटणाचा उपयोग नाही. तपासणी चॅनल १६ वर गप्पा मारून करू नका, तो संकटाचा आणि हाक मारण्याचा. दुसऱ्या बोटीला बोलण्याच्या चॅनलवर घ्या आणि १ वॅटवर ठेवून बोला, २५ वर खराब जोडही झाकला जातो. त्याआधी एसडब्ल्यूआर, म्हणजे वर पाठवलेली ताकद किती परत फिरते त्याचं माप, मीटरवर बघा: दीडच्या आत उत्तम, तीनच्या वर गेला तर बोलायचं बटण दाबू नका, जोड उघडा. हौशी रेडिओवाल्यांचा शॉर्टवेव्हचा मीटर इथे चालत नाही, १५६ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा लागतो. माझ्याकडे आहे, मी बडोद्यातच मकरपुऱ्याला असतो. हर्णैला निघण्याआधी येऊन घेऊन जा.