बाबांनी सकाळपासून निळ्या इन्हेलरचे दहा-बारा पफ घेतलेत, हात थरथरतायत, ओव्हरडोस झाला का?

हो, साल्ब्युटामॉल (निळ्या इन्हेलरमधलं औषध) जास्त झाल्यासारखंच वाटतंय, त्यांना आधी स्वस्थ बसवा, चहा-कॉफी देऊ नका आणि घड्याळ लावून नाडी मोजा. मी इंदूरला दवा बाजारात फार्मासिस्ट आहे, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते श्वासनळ्यांबरोबर हृदय आणि स्नायूंनाही चाळवतं, म्हणून हातातली कपबशी खडखडते, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, हे एवढंच असेल तर साधारण ४-६ तासांत ओसरतं. पण शांत बसूनही नाडी १२० च्या वर, छातीत दुखतंय, ठोके चुकतायत, चक्कर येतेय किंवा पायात गोळे येतायत (रक्तातलं पोटॅशियम उतरतं ना) तर वाट बघत बसू नका, १०८ लावा नाहीतर सरळ इथल्या एमवाय हॉस्पिटलला न्या, इन्हेलर सोबत असू द्या. आधीपासून हार्टचा त्रास असेल तर नुसती धडधड असली तरी न्या. एक मात्र, घाबरून इन्हेलर लपवून ठेवू नका, एवढे पफ लागतायत म्हणजे मुळात दमाच आवरत नाहीये, आजच डॉक्टरांना दाखवा, आणि एक वाक्यही सलग बोलता येत नसेल तर पफ देत देतच हॉस्पिटल गाठा.